जर्मनीत माणसं कमी पडतायत, मग मलाही लगेच काम मिळेल का?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला स्टुटगार्टला जॉब लागलाय, तुम्ही बीएड शिक्षिका, तिथे एवढी टंचाई आहे तर तुम्हालाही लगेच काम मिळेल ना. मी इथेच राहते. काम मिळेल हो, पण लगेच मिळेल ते शिकवण्याचं नसेल.

टंचाई खरीच आहे, २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टुटगार्ट ज्यात येतं त्याच बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला तो उगीच नाही. पण त्याच वेळी माझ्या ओळखीतल्या आर्किटेक्ट, शिक्षिका बेकरीत आठवड्याला दहा-बारा तास काम करतायत. आणि हे फक्त आपल्या बायकांचं नाही, इथे नोकरी करणाऱ्या एकूण बायकांपैकी जवळपास निम्म्या पार्टटाइम आहेत.

मुख्य गोची मिनीजॉबची, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच कमाई असलेल्या छोट्या कामाची. ही मर्यादा २०२५ मध्ये महिना ५५६ युरो होती; तिच्या आत कमावलं तर पैसे जवळजवळ पूर्ण हातात येतात, आणि नवऱ्याचा हेल्थ इन्शुरन्स सरकारी असेल तर त्यातच फुकट राहता येतं. त्याच्या वर गेलात की इन्शुरन्स स्वतःचा, आणि नवऱ्याने टॅक्स क्लास तीन (म्हणजे दरमहा कमी टॅक्स कापणारा गट) घेतला असेल तर तुम्ही पाचात (जास्त कापणाऱ्या गटात), मग पगारातून इतकं कापलं जातं की घरातलेच म्हणतात कशाला एवढी धावपळ. वर्षाअखेर दोघांचा टॅक्स एकत्रच मोजतात, पण तोवर बाईने तास वाढवायचा विचार सोडलेला असतो. मला याचा फार राग येतो. त्यात पाळणाघरं! वर्षाच्या मुलापासून जागा मिळणं हा २०१३ पासून कायदेशीर हक्क आहे, तरी स्टाफ नाही म्हणून कित्येक ठिकाणी वेळ कमी केलीय, आणि मुलाला आणायला काम टाकून पळणारी आई कधीकधी स्वतःच शिक्षिका असते.

तुमच्यापुरतं बोलायचं तर शाळेत शिकवायला इथे साधारण दोन विषय पदवीच्या पातळीवर शिकलेले लागतात, आपली पदवी बहुतेक एकाच विषयाची, शिवाय जर्मन अगदी वरच्या लेव्हलचं. म्हणून निघायच्या आधीच बी वनपर्यंत (म्हणजे मधल्या लेव्हलपर्यंत) जर्मन करा, मार्कशीट आणि सिलॅबस युनिव्हर्सिटीतून काढून घ्या (इथून मागवायला फार त्रास होतो), डिग्री मान्यतेचा अर्ज भारतातूनही करता येतो. आणि इथे आल्यावर नवऱ्याला सांगून दोघांचाही टॅक्स क्लास चारच ठेवा, म्हणजे दोघांच्या पगारातून टॅक्स एकाच हिशोबाने कापला जाईल.