खोक्यावर छापलेलं कंपनीला नाकारता येतं का?

प्रश्न: आठ महिन्यांपूर्वी घरासाठी एकाच कंपनीचे दहा एलईडी बल्ब घेतले. खोक्यावर '२५,००० तास आयुष्य', '९ वॅट = १०० वॅट' आणि '२ वर्षे वॉरंटी' असं छापलं होतं. त्यातले सहा गेले. जे चालू आहेत त्यांचा उजेड जुन्या १०० वॅटच्या बल्बइतका पडत नाही, आईला वाचताना त्रास होतो. दुकानदार म्हणतो, "खोकी आणा, नाहीतर वॉरंटी नाही. आणि बिलावरच लिहिलंय, विकलेला माल परत घेतला जाणार नाही." खोकी दोनच उरली आहेत. काय करता येईल?

उत्तर: ताई, तुमची बाजू भक्कम आहे. मात्र तीन दाव्यांपैकी कशावर भर द्यायचा, हे आधी ठरवा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात लेबल आणि वेष्टनही येतं. त्यामुळे "ते नुसतं छापलेलं असतं हो" हे उत्तर चालणार नाही. छापलेलं खोटं असेल तर ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते.

सगळ्यात सोपा मुद्दा वॉरंटीचा. दोन वर्षं संपलेली नाहीत आणि तुमच्याकडे बिल आहे. उरलेल्या खोक्यावरच्या अटी बारकाईने वाचा. 'खोकं जपून ठेवा' अशी अट तिथे नसेल, तर दुकानदाराला ती स्वतःच्या मनाने घालता येत नाही. बिलावरच्या त्या ओळीने कंपनीची वॉरंटी पुसली जात नाही.

'२५,००० तास' हा मुद्दा मात्र जपून वापरा. रोज सहा तास धरले तर ही अकरा वर्षांहून जास्त मुदत होते. पण हा आकडा साधारणपणे उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो आणि तोही नमुन्यांच्या चाचणीवरून काढलेला. प्रत्येक बल्ब तितका चालेलच, असा त्याचा अर्थ नाही. एकच बल्ब गेला असता तर मी हा मुद्दा सोडून द्या म्हटलं असतं. दहातले सहा जातात तेव्हा गोष्ट वेगळी. पुरेशा चाचणीशिवाय वस्तूच्या आयुष्याची हमी देणं ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि चाचणी केली होती हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर येते.

उजेडाबद्दल खोक्यावर 'लुमेन' शोधा. वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो, लुमेन म्हणजे तो किती उजेड देतो. २३० व्होल्टवरचा १०० वॅटचा जुना बल्ब साधारण १,३०० लुमेन देत असे. तुमच्या खोक्यावर ९०० च्या आसपास आकडा असेल, तर कंपनीचाच एक आकडा दुसऱ्याला खोटा पाडतो. इतका थेट पुरावा सहसा मिळत नाही, तेव्हा ती दोन खोकी अजिबात टाकू नका.

आता कंपनी काय म्हणेल तेही पाहा. गेलेले बल्ब पूर्ण बंद काचेच्या शेडमध्ये किंवा डिमरवर (उजेड कमी-जास्त करायच्या बटणावर) होते का? तिथे वापरू नये असं खोक्यावर लिहिलं असेल, तर तेवढे बल्ब तक्रारीतून वगळा. नाहीतर त्यांच्यापायी बाकीचेही संशयात येतील.

गेलेले बल्ब फेकू नका आणि चालू असलेल्यांपैकी निदान एक काढून बाजूला ठेवा. प्रकरण ग्राहक आयोगात गेलं, तर गरज पडल्यास आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवतो, आणि बंद पडलेल्या बल्बचे लुमेन मोजता येत नाहीत. प्रत्येक बल्बच्या अंगावर छापलेल्या मजकुराचे फोटो काढा. भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही तपासा. एलईडी बल्बना ती नोंदणी सक्तीची आहे आणि क्रमांक खरा की खोटा, ते ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर कळतं.

खोक्यावर ग्राहक सेवेचा पत्ता आणि ईमेल असतो. तिथे बिलाच्या प्रतीसह लेखी तक्रार करा, पंधरा दिवसांची मुदत द्या आणि तिची प्रत दुकानदारालाही पाठवा. नुसत्या फोनवर विसंबू नका. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. एवढ्यावर पुष्कळ प्रकरणं मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. बल्ब बदलून किंवा पैसे परत, शिवाय त्रासाची आणि खर्चाची माफक भरपाई मागा. फुगवलेली रक्कम मागितली की तक्रारीचं वजन कमी होतं.

आईंसाठी मात्र निकालाची वाट पाहू नका. त्यांच्या वाचायच्या जागी १,३०० लुमेनच्या पुढचा बल्ब आजच लावा, आणि त्याचं बिल व खोकं एकत्र ठेवा.