‘काळी पाचवी’ म्हणजे पाचवी बटालियन नव्हे

प्रश्न : माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. 1971 च्या लढाईत ते होते. ‘मी काळी पाचवीत होतो’ म्हणायचे. गावी आल्यावर वीसेक वर्षं दूध संस्थेचं काम पाहिलं, पोरांकडून भरतीची तयारी करून घेतली. वर्षश्राद्धाला 16 पानांची स्मरणिका काढायची आहे. पदकं आहेत, पण कुठलं कशाचं ते घरात कुणालाच सांगता येत नाही. कार्यक्रमात ती तिरंगा अंथरलेल्या टेबलावर मांडली तर चालेल का? – एक वाचक, गडहिंग्लज तालुका

उत्तर : तिरंगा अंथरू नका. ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रध्वज टेबलावर पसरता येत नाही आणि तसबिरीभोवतीही गुंडाळता येत नाही. पार्थिवावर तो चढतो तो शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामाच्या अंत्यविधीतच, आणि तेव्हाही चितेबरोबर जाळत नाहीत. टेबलाला गडद, एकरंगी कापड घ्या. पदकं त्यावर उठून दिसतात.

पदकं पुसायच्या आधी वाचा. गोल पदकाची कड भिंगाखाली धरून मोबाइलचा टॉर्च तिरका पाडा. बारीक इंग्रजी अक्षरांत आर्मी नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट कोरलेली दिसेल. हुद्दा ‘शिपाई’ दिसला म्हणून गोंधळू नका, तो त्या काळचा हुद्दा असतो. पितळ घासायच्या पॉलिशने पदक चमकवलंत तर हीच अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ कापडाने पुसलं की पुरे. फितींचा क्रम ठरलेला असतो. पट्टीवरून काही सोडवण्याआधी फोटो काढून ठेवा.

आता अर्थ. ‘पूर्वी स्टार’ नावाचं पदक असेल तर 1971 ला ते पूर्व आघाडीवर होते, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेला. संग्राम पदकावरून आघाडी ठरत नाही. स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्षाचं पदक त्या वेळी सेवेत असलेल्यांना मिळालं, तर 9 आणि 20 वर्षांची पदकं दीर्घ सेवेची. यांतलं एकही शौर्यपदक नाही. प्रेमापोटी घरचे सरसकट ‘शौर्यपदकांनी सन्मानित’ छापतात आणि कार्यक्रमाला आलेले माजी सैनिक पहिल्या पानावरच थबकतात. वीस वर्षांची निष्कलंक सेवा ही काय लहान गोष्ट आहे? तीच लिहा.

पलटणीचं नावही जपून लिहा. वडील ‘मी काळी पाचवीत होतो’ म्हणायचे, म्हणून ‘5 वी बटालियन’ छापून मोकळे होऊ नका. काळी पाचवी हे टोपणनाव आहे मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनचं, म्हणजे पूर्वीच्या 105 व्या पलटणीचं. ‘जंगी पलटण’ म्हणतात ती पहिली बटालियन. 1971 ला पूर्व आघाडीवर जमालपूरच्या लढाईत होती ती ही जंगी पलटण. खात्री डिस्चार्ज बुकावरून, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सेवानोंदीच्या पुस्तकावरून करा. भरतीची तारीख, बढत्या, निवृत्तीचा हुद्दा तिथूनच उतरवा. ते सापडत नसेल तर आर्मी नंबर घेऊन कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा करायचा ते तिथे सांगतील. उत्तराला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

स्मरणिका फसते ती मात्र निवृत्तीनंतरच्या पानांवर. ‘मनमिळाऊ, परोपकारी, सर्वांना हवेहवेसे’ एवढ्यावर वीस वर्षं उरकतात. दूध संस्थेचं प्रोसिडिंग बुक मागा: कुठल्या सभेत कुठला ठराव त्यांनी मांडला, संकलन किती लिटरवरून किती लिटरवर गेलं. भरती झालेल्या पोरांना ‘अण्णा कसे होते’ असं विचारलंत तर ‘देवमाणूस’ एवढंच उत्तर मिळेल. पहाटे किती वाजता बोलवायचे, 1600 मीटर कुठल्या रस्त्यावर पळवायचे, उशीर झाला तर काय करायचे, असं विचारा. फोन रेकॉर्डिंगला लावा आणि मधे बोलू नका.

आईला दोन पानं हवीतच. फौजीची वार्षिक सुट्टी साठ दिवसांची. उरलेल्या वर्षात पेरणी, आजारपणं, शाळेची फी, सासू-सासऱ्यांचं दुखणं-खुपणं कुणी निभावलं? मनीऑर्डरीच्या पावत्या आणि आंतरदेशीय पत्रं ट्रंकेत असतील. एक पत्र जसंच्या तसं, त्यांच्या अक्षरात छापा. आईची परवानगी मात्र आधी घ्या.

पानं चारच्या पटीत लागतात, 16 चं गणित बरोबर आहे. छोटे फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेली प्रत छपाईत फुटते. पेन ड्राइव्हवर द्या. फोटोमागे पेन्सिलीने काही लिहिलंय का पाहा. गाव आणि साल बहुतेक वेळा तिथेच सापडतं. मुद्रितशोधन घरातल्या माणसाबरोबर एखाद्या माजी सैनिकाकडूनही करून घ्या.

कार्यक्रम झाला की डिस्चार्ज बुक लॅमिनेट करायचा मोह होईल. करू नका, उष्णतेने शाई बिघडते आणि प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. आम्लरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात पुड्या बदला. 2019 आणि 2021 च्या पुरात जिल्ह्यात घरंच्या घरं पाण्यात गेली. नदीकाठी राहत असाल तर डबा माळ्यावर, आणि स्कॅनची एक प्रत पुण्या-मुंबईच्या भावंडाकडे.