माझं सिझर झालंय, पाळीत फार अंगावर जातं. गरम फुग्याची ट्रीटमेंट चालेल का? (कोल्हापूर)

चालेल (गर्भाशयात फुगा ठेवून त्यातल्या गरम द्रवानं आतलं अस्तर जाळतात, म्हणजे पाळीतला रक्तस्राव कमी होतो), पण सिझरच्या वेळचा गर्भाशयावरचा छेद खालच्या भागात आडवा असेल आणि पुढे मूल नको असेल तरच. उभा छेद असेल तर नाही. पोटावरचा व्रण बघून हे ठरवू नका, आतला छेद वेगळा असू शकतो. सिझरचं डिस्चार्ज कार्ड शोधून सोबत न्या. कारण असं की थर्माचॉइस या (आता बाजारातून गेलेल्या) यंत्रासारख्या पद्धतीत फुग्यातलं ५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी) ८७ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून ८ मिनिटं अस्तराला टेकवून ठेवतात. व्रणाजवळ भिंत पातळ असेल तर ती धग लघवीच्या पिशवीपर्यंत किंवा आतड्यापर्यंत पोचू शकते. फुग्यातला दाब १६० ते १८० मिमी पारा असतो. तो एकाएकी घसरला तर डॉक्टरांनी गर्भाशयाला छिद्र पडल्याची शंका घेऊन तिथंच थांबायचं, फुगा पुन्हा फुगवायचा नाही.

सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) दाखवा नाहीतर राजारामपुरीत खासगीत, आधी सोनोग्राफी आणि अस्तराचा तुकडा तपासून घ्याच; कॅन्सरची शंका असेल तर फुगा बाद. फायब्रॉइडनं (गर्भाशयातल्या साध्या गाठींनी) पोकळी वेडीवाकडी झाली असेल तर फुगा सगळीकडे टेकत नाही. नंतर दोन-चार आठवडे पाण्यासारखा स्राव होतो. आणि ही नसबंदी नव्हे: दिवस राहू शकतात, तेही धोक्याचे, म्हणून गर्भनिरोधक सोडू नका.