मोगवाई या बँडचं संगीत इतक्या वर्षांत कसं बदलत गेलं? नुसत्या वाद्यांचं रॉक ऐकायला कुठून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की दोन-तीन गाणी ऐकली आणि सगळी एकाच छापाची वाटली: आधी बराच वेळ हळू, मग एकदम धडाम. सुरुवातीच्या काही वर्षांपुरतं ते खरं आहे. पण त्या एकाच डावावर मोगवाई बसून राहिले नाहीत, आणि मला विचाराल तर त्यांचं खरं ऐकण्यासारखं काम त्यानंतरचं आहे.

बँड स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा, १९९५ चा. स्टुअर्ट ब्रेथवेट गिटारवर, डॉमिनिक एचिसन बेसवर, मार्टिन बुलक ड्रमवर. जॉन कमिंग्ज दुसऱ्या गिटारवर आला तो लगेचच. १९९७ च्या 'यंग टीम' या पहिल्या अल्बमवर 'लाइक हेरोड' आहे, साडेअकरा मिनिटांच्या आसपास. गिटारची एक बारीक ओळ चालू असते, ती आणखी बारीक होत जाते, आपण नकळत व्हॉल्यूम वाढवतो आणि तेवढ्यात सगळे एकदम गिटारचा आवाज फाडणाऱ्या पेडलवर पाय ठेवतात. खानापूरच्या बसमध्ये हेडफोनवर हे ऐकताना मी असा दचकलो की शेजारच्या मावशी म्हणाल्या, "काय झालं रे बाळा?" त्याच अल्बमचा शेवट 'मोगवाई फिअर सेटन'नं होतो. सोळा मिनिटं चालतं. बेस जवळजवळ एकच ओळ धरून बसतो, वर ड्रम आणि गिटारचा गदारोळ, मध्येच बासरी.

आता, ज्या गावात गणपती विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या बेळगावात वाढलेल्याला नुसत्या आवाजाचं फार कौतुक राहत नाही. शब्दांशिवाय ऐकायचीही सवय होती. पं. रामभाऊ विजापुरे इथलेच, त्यांच्या एकल हार्मोनियमच्या कॅसेटी आमच्या घरात होत्या. म्हणून मला पहिल्या अल्बमपेक्षा १९९९ चा 'कम ऑन डाय यंग' जास्त लागला. निर्माता डेव्ह फ्रिडमन. गिटारवरची घरघर बरीच काढून टाकलेली, लय संथ, आणि स्फोट होईल होईल म्हणून वाट बघावी तर बऱ्याचदा होतच नाही. बॅरी बर्न्स याच सुमारास बँडमध्ये आला. त्याच्या पियानोमुळे आणि कीबोर्डमुळे पुढं सूर गिटारकडून हळूहळू त्याच्याकडे सरकत गेला. आवाज कमी झाला की जास्त, यापेक्षा हा बदल मला मोठा वाटतो.

२००१ चा 'रॉक अ‍ॅक्शन' तर पाऊण तासाच्याही आत संपतो. व्हायोलिनांचा ताफा, बँजो, एका गाण्यात चक्क वेल्श भाषेतलं गायन. (वाद्यांचा बँड म्हणतात खरं, पण अधूनमधून ते गातात.) जोर गेला म्हणावं, तर त्याच वर्षी 'माय फादर माय किंग' काढलं: एका ज्यू प्रार्थनेच्या चालीवर वीस मिनिटं, सगळा राग त्यात ओतलेला.

मग सिनेमा आला. फुटबॉलपटू झिदानवरच्या २००६ च्या चित्रपटाला संगीत त्यांचं. त्यात रियाल माद्रिद आणि व्हियारियाल यांच्या एप्रिल २००५ मधल्या एका सामन्यात सतरा कॅमेरे त्या एकाच माणसावर लावलेले. तो चालतो, थुंकतो, उभा राहतो. त्याच्याखाली धडाम करून चालणारच नव्हतं. पुढं 'ले रेव्हनां' या फ्रेंच मालिकेसाठी, मेलेली माणसं डोंगरातल्या गावात परत येतात अशी गोष्ट, त्यांनी जे केलं त्यात बरेच तुकडे तीन-चार मिनिटांचे आहेत. पियानोचे चार सूर आणि मागं काहीतरी गडबड आहे एवढी जाणीव. त्याचा अल्बम २०१३ चा, माझा सगळ्यात आवडता. २०१४ च्या 'रेव्ह टेप्स'वर तर सिंथेसायझरच पुढं बसलाय. २०१५ मध्ये कमिंग्ज बाहेर पडला. मधला २००८ चा 'द हॉक इज हाउलिंग' अनेकांना आवडतो, मला जड जातो.

२०२१ चा 'अ‍ॅज द लव्ह कंटिन्यूज' ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच. कोविडमुळे निर्माता फ्रिडमन अमेरिकेत आणि बँड इंग्लंडातल्या स्टुडिओत, सगळं व्हिडिओ कॉलवर. जुना गदारोळ त्यात आहे, पण आता त्याच्या आत एक गुणगुणता येईल अशी चाल असते.

आमच्या हॉस्टेलच्या खोलीत दोघं कन्नड, एक कोकणी आणि मी. दुकानाच्या पाट्यांवरूनही भांडणं होणाऱ्या या भागात मोगवाई लावलं की कुणाच्या भाषेतलं गाणं लावायचं हा वाद तरी मिटायचा. बाकी, खोलीतल्या एकालाही ते आवडत नव्हतं.

सुरुवात तुम्ही २००६ च्या 'ऑटो रॉक'पासून करा. चार-साडेचार मिनिटं, पियानोची एकच ओळ, तिच्यावर ड्रम चढत जातो. मग २००३ चं 'हंटेड बाय अ फ्रीक', त्यात आवाज व्होकोडरमधून, म्हणजे माणसाचा आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणातून काढलाय, शब्द कळत नाहीत, कळायची गरजही नाही. मग 'ले रेव्हनां' पूर्ण, सलग. 'यंग टीम' सगळ्यात शेवटी आणि शक्यतो स्पीकरवर.