ड्रॅग कारच्या एक्झॉस्टचा पाइप किती लांब हवा?

प्रश्न (सातपूर) : १३०० सीसीची एस्टीम क्वार्टर माइलसाठी, म्हणजे पाव मैलाच्या सरळ ड्रॅग रेससाठी, तयार करतोय. मित्र म्हणतो, हेडरचे (इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर नेणारे) पाइप जितके आखूड तितके बरे. खरं का?

नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून धावत सुटते. चारही पाइप कलेक्टरमध्ये मिळतात तिथे जागा एकदम वाढते आणि कमी दाबाची लाट उलटी व्हॉल्व्हकडे येते. इनटेक उघडायला लागलाय, एक्झॉस्ट अजून पुरता मिटलेला नाही, नेमकी तेव्हा ती पोचली, तर उरलासुरला जळका वायू ओढून काढते आणि ताजं मिश्रणही आत खेचते. ही वेळ साधण्यासाठीच लांबी जुळवायची. आरपीएम वाढले की वेळ कमी उरतो, म्हणून पाइप आखूड लागतो.

सुरुवातीच्या अंदाजाला जुनं सूत्र आजही कामाचं आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात खाली पोचतो त्या बिंदूच्या) आधी जितक्या अंशांवर उघडतो त्यात १८० मिळवा, ८५० ने गुणा, आरपीएमने भागा, ३ वजा करा. उत्तर इंचांत येतं. तुमच्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) व्हॉल्व्ह ७० अंश आधी उघडत असेल, तर ७५०० आरपीएमला सुमारे २५ इंच येतात, ६५०० ला ३०.

यातला कुठला आकडा धरायचा, हा खरा निर्णय. बहुतेक जण रेडलाइन, म्हणजे इंजिनाची आरपीएमची कमाल मर्यादा, धरतात आणि तिथेच गाडी मार खाते. ७५०० ला गिअर बदलल्यावर काटा ५५०० वर उतरत असेल, तर स्टार्टनंतरची जवळजवळ सगळी रन इंजिन या दोन आकड्यांमध्येच काढणार. ६५०० धरा.

प्रश्न (अंबड) : मी फॅब्रिकेशन करतो. बेंडची लांबी कुठून मोजू?

मध्यरेषेवरून. ४२ मिमीचा पाइप ७५ मिमी त्रिज्येत काटकोनात वळवला, तर आतल्या कडेने ८५ मिमी भरतो, बाहेरच्या कडेने १५१. मध्यरेषा ११८. असे दोनच बेंड आले तरी आतबाहेरचा फरक पाच इंचांवर जातो, म्हणजे वरचं सगळं गणित पाण्यात. चार पाइपांत आपसात इंचभर फरक राहिला तर मात्र चालेल.

प्रश्न (गंगापूर रोड) : सायलेन्सर काढला तर कॉलेजला जाताना पिकअप वाढेल?

आवाज वाढेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कृपया करू नका.

प्रश्न (सिन्नर) : टॉप फ्युएल गाड्यांना (ड्रॅग रेसिंगच्या सगळ्यात वेगवान वर्गातल्या) कलेक्टरच नसतो. मग आपल्याला कशाला?

ती इंजिनं नायट्रोमिथेनवर चालतात आणि हवा सुपरचार्जर कोंबतो, त्यामुळे परतणाऱ्या लाटेवर त्यांची भिस्त नसते. शिवाय वर वळवलेल्या पाइपांतून सुटणारा वायू गाडीला जमिनीवर दाबून धरतो. तुमच्याकडे सुपरचार्जर नाही. ती लाट हाच तुमचा फुकटचा ब्लोअर.

प्रश्न (नाशिकरोड) : मुंबईच्या गाडीला जमलेली लांबी इथे चालेल?

कॅम आणि गिअरिंग तेच असेल तर चालेल. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी आणि ताकदही साधारण तेवढीच घटते. पण लाटेचा वेग वायूच्या तापमानावर ठरतो, दाबावर नाही. कार्बोरेटर असेल तर जेट (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारं छिद्र) बदला, पाइपाला हात लावू नका.

प्रश्न (पंचवटी) : डायनो (इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र) परवडत नाही. कलेक्टर कुठे कापायचा?

कलेक्टरला मुद्दाम लांब नळी बसवा, तिच्यावर रंगाचा लांब पट्टा ओढा आणि एक पूर्ण रन मारा. रंग जिथपर्यंत जळेल तिथे कापायचं, ही जुन्या ड्रॅग रेसरची रीत. मी तिला इशारा मानतो, निकाल नाही. लगेच करवत चालवू नका. नळी क्लॅम्पवर सरकती ठेवा, दोन-दोन इंचांनी बदला आणि दर वेळी ट्रॅप स्पीड (रेषेजवळचा वेग) लिहून ठेवा. ईटी, म्हणजे रनला लागलेला एकूण वेळ, स्टार्टवर आणि टायरच्या पकडीवर हलतो. शेवटच्या टप्प्यातला वेग इंजिनाची ताकद जास्त प्रामाणिकपणे सांगतो. सगळ्या रन एकाच वेळच्या हवेत घ्या. थंडीत आपल्याकडे पहाट आणि दुपार यांत हवा इतकी बदलते की दोन इंचांचा फरक त्यात कुठेच दिसणार नाही.