प्रादुर्भाव बोंडअळीचा, सोरायसिसचा नव्हे

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. शाळेच्या फलकावर त्यांनी 'भारतात सोरायसिसचा प्रादुर्भाव ०.४४ ते २.८ टक्के' असे लिहिले. सहकारी म्हणतात, 'प्रसार' हवे. बरोबर काय?

गुरुजी, दोन्ही पुसा, 'प्रमाण' लिहा. 'प्रसार' तर साफ चूक, कारण हा त्वचेचा आजार एकापासून दुसऱ्याला होतच नाही. आणि 'प्रादुर्भाव' आपल्याकडे कानावर येतो तो पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीवरच्या, गुलाबी बोंडअळीचा, नाहीतर डेंगीचा. तोच शब्द वाचला की पारावर निकाल लागतो: "त्याच्या टावेलाले हात नोको लावू!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता चिडही येईनाशी झाली आहे.

मुळात हा शब्द गरीब हो! यातला 'दुर्' दुर्दशेतला नव्हे. प्रादुस् म्हणजे उघड, डोळ्यांपुढे; त्याला जोडला भाव, म्हणजे होणे. पण प्रादुस् आला कुठून? जुने संस्कृत कोश प्र आणि अद् (खाणे) अशी फोड देतात. बोंडअळीला शोभेल, पण प्रकट होण्याचा खाण्याशी संबंध काय? व्याकरणाच्या नियमात बसवायचे म्हणून बसवलेले हे प्रकरण. संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनिअर-विल्यम्स यांचा तर्क मला लाखमोलाचा वाटतो: प्र अधिक दुर्, आणि दुर् म्हणजे दार! ऋग्वेदात 'दुरः' म्हणजे दारेच. आपले दार आणि इंग्रजांचे डोअर याच कुळातले. तेव्हा प्रादुर्भाव म्हणजे घरातले दाराबाहेर येणे. एरवी त्वचेची पेशी खालून वर यायला महिनाभर घेते. सोरायसिसमध्ये ती तीन-पाच दिवसांत वर येऊन खवल्यांसारखी साचते. आत असायची ती दारात उभी! या अर्थाने पेशींचा प्रादुर्भाव म्हणा, मी टाळ्या वाजवीन. पारावर मात्र दुर् म्हणजे दार हे कोण समजावणार?

हां, फलक. हे आकडे बहुतेक रुग्णालयांत आलेल्या रोग्यांवरून काढलेले. दवाखान्याची पायरी न चढलेले त्यात नाहीत आणि त्वचेच्या ओपीडीत मोजले तर टक्का उगाच फुगतो. म्हणून 'सुमारे' घाला. दोन हजारांच्या गावाचा हिशेब केला तर नऊ ते छप्पन जण होतात. हे पोरांकडून फळ्यावर करून घ्या, आणि खाली ठळक लिहा: 'लागत नाही.'