वसंतातला सुखद शनिवार-रविवार आणि वणव्याचा इशारा

शुक्रवारी पावसाची एक सर, त्यानंतर शनिवार-रविवारी लख्ख ऊन आणि 22 अंश तापमान असा अंदाज असताना ग्रामीण भागाला वणव्याचा इशारा का दिला जातो, आणि अशा सुट्टीत आवारातला पालापाचोळा जाळायला हरकत आहे का, असे आपण विचारले आहे. हरकत आहे. ती समजून घ्यायची तर तापमानाचा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवावा लागेल, कारण या ऋतूतला वणवा उष्णतेपेक्षा कोरडेपणावर आणि वाऱ्यावर पोसला जातो.

ज्या प्रदेशांत हिवाळा कडक असतो तेथे बर्फ वितळल्यापासून नवी हिरवळ उगवेपर्यंतचे काही आठवडे सर्वांत फसवे असतात. जमीन ओली असते, ओढे भरून वाहत असतात, आणि तरीही वर पसरलेले गेल्या वर्षीचे गवत पूर्णपणे मेलेले असते. मेलेले गवत मुळांतून पाणी ओढत नाही. त्यात किती ओलावा राहायचा हे केवळ भोवतालची हवा ठरवते. झाडांना अजून पालवी फुटलेली नसल्यामुळे ऊन थेट जमिनीपर्यंत पोहोचते आणि वाऱ्यालाही फारसा अडसर उरत नाही. सुमारे सहा मिलिमीटरपेक्षा बारीक काड्या आणि गवत हवेतील बदलाला साधारण तासाभरात प्रतिसाद देतात, तर मनगटाएवढ्या फांद्यांना त्यासाठी कित्येक दिवस लागतात. म्हणून शुक्रवारच्या पावसाने ओंडका ओला राहिला तरी शनिवारी दुपारी त्याच्या शेजारचे गवत काडी लावताच पेटू शकते. काल पाऊस झाला आहे हा दिलासा गवताच्या बाबतीत जवळजवळ निरर्थक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हवेकडे वळू. पहाटे तापमान 2 अंश आहे आणि दव पडले आहे, म्हणजे सापेक्ष आर्द्रता (हवा जास्तीत जास्त धरू शकेल त्या बाष्पाच्या तुलनेत तिच्यात असलेले बाष्प) 100 टक्क्यांच्या आसपास आहे, असे समजा. हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते. हवेत बाष्पाची भर पडली नाही आणि दुपारी तीच हवा 22 अंशांपर्यंत तापली, तर आर्द्रता सुमारे 27 टक्क्यांवर येते. पहाटेच्या दवाने भिजलेले गवत दुपारी कुरकुरीत होण्यामागे एवढेच गणित आहे. उन्हाळ्यात पहाट इतकी थंड नसते आणि हवेत बाष्पही बहुधा अधिक असते. त्यामुळे वसंतातला 22 अंशांचा दिवस उन्हाळ्यातल्या 28 अंशांच्या दिवसापेक्षा अधिक कोरडा निघू शकतो.

राहिला वारा. सकाळी जमिनीलगत थंड हवेचा थर बसलेला असतो, म्हणून सारे शांत वाटते. तो थर उन्हाने मोडला की वरचा जोरदार वारा खाली उतरतो, आणि सकाळी नऊला निवांत पेटवलेला ढीग दुपारी एकला आवरेनासा होतो. यापेक्षाही वाईट म्हणजे कोरडी शीत आघाडी, म्हणजे पाऊस न आणता पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड. ती सरकून जाताना वाऱ्याची दिशा अचानक बदलते, आणि तोवर अरुंद पट्ट्याने पुढे जाणाऱ्या आगीची सबंध लांब बाजूच आगीचे पुढे धावणारे तोंड बनते. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात 2011 च्या मे महिन्यात स्लेव्ह लेक गावाजवळ शनिवारी आगी लागल्या, रविवारी वाऱ्याच्या ताशी 100 किलोमीटरच्या आसपासच्या झोतांनी त्या गावात शिरल्या आणि गावाचा सुमारे एक तृतीयांश भाग जळाला. पुढे त्या प्रांताने वणव्याच्या हंगामाची अधिकृत सुरुवात 1 एप्रिलऐवजी 1 मार्चपासून धरली.

हवामानाला आठवड्याचा वार कळत नाही, माणसाला कळतो. अमेरिकेतील 1992 ते 2012 या काळातील नोंदींच्या अभ्यासात सुमारे 84 टक्के वणवे माणसांमुळे लागल्याचे आढळले. हिवाळ्यानंतरच्या पहिल्या छान सुट्टीत कचरा जाळणे, शेकोटी, दगडावर घासणारे गवत कापण्याचे पाते, वाळल्या गवतावर उभी केलेली गरम गाडी, हे सारे एकाच दुपारी एकवटते.

त्यामुळे अंदाज उघडल्यावर मी आधी दुपारची किमान आर्द्रता पाहतो, मग वाऱ्याच्या सरासरी वेगाऐवजी झोतांचा वेग, आणि मग पुढच्या दोन दिवसांत वारा दिशा बदलणार आहे का हे. आर्द्रता 30 टक्क्यांखाली आणि झोत ताशी 40 किलोमीटरच्या वर, असे दोन्ही जुळून येत असेल, तर स्थानिक बंदी लागू असो वा नसो, मी काहीही पेटवणार नाही. पालापाचोळ्याचे खत करता येते. जाळायचाच असेल तर हिरवळ आल्यानंतरचा ओलसर, निवांत दिवस निवडावा आणि स्थानिक अग्निशमन यंत्रणेची परवानगी घ्यावी. आपण याआधीच एखादा ढीग जाळला असेल, तर तो विझल्यासारखा दिसला तरी आत निखारे कित्येक दिवस धुमसत राहू शकतात. शनिवारचा वारा सुटण्याआधी तो उकरून, पाणी ओतून, पुन्हा ढवळून घ्यावा, आणि तळहाताची मागची बाजू राखेजवळ नेल्यावर जराही ऊब जाणवली तर हेच पुन्हा करावे.